सोसायटीसाठी मल्टिमीटर कुठला घ्यायचा? बजेट दीड हजार

सेक्रेटरी ए-१०१: सगळ्यांना नमस्कार. काल पुन्हा पाण्याची मोटर बंद पडली. सकाळी साडेसहाला टाकी रिकामी आणि इलेक्ट्रिशियन आला दुपारी एकला, बघितलं आणि म्हणाला कॅपॅसिटर गेलाय. व्हिजिटचे ३००, कॅपॅसिटरचे वेगळे. ह्या महिन्यातली ही तिसरी व्हिजिट आहे. मला वाटतंय सोसायटीसाठी एक चांगला डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट मोजायचा मीटर, घेऊन ठेवूया, निदान बिघाड कुठं आहे एवढं तरी आपलं आपल्याला कळेल. मेंटेनन्समधून १५०० पर्यंत जमेल. ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा कुठला घ्यायचा.

सी-२०३: साहेब १५०० कशाला, तो पिवळा मीटर अडीचशेला मिळतोय की. माझ्याकडं कॉलेजपासून आहे, प्रोजेक्टला वापरला, अजून चालू आहे.

ए-३०१ काकू: चांगली कल्पना आहे. आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पण बघता येईल का त्यानं? हल्ली दोन तास पण बॅकअप देत नाही.

बी-३०४ काका: सी-२०३, तुझा मीटर प्रोजेक्टला चांगलाच आहे, बॅटरी सेल, छोटे सर्किट, कंटिन्युइटी म्हणजे तार सलग आहे का ते बीपवर, सगळं बघ त्यानं. पण मोटरच्या पॅनेलला तो लावायचा नाही. मी कुपवाड एमआयडीसीत ३१ वर्षं मेंटेनन्सला काढली त्यामुळं हे जरा सविस्तर सांगतो, सगळ्यांनी वाचा कारण उद्या हा मीटर कुणाच्याही हातात जाणार आहे.
आमच्याकडं एक नवीन पोरगं लागलेलं. आदल्या पाळीत कुणीतरी करंट मोजला होता आणि लाल वायर १० अँपिअरच्या भोकात तशीच ठेवून गेला. ह्यानं मीटर उचलला, नॉब व्होल्टवर फिरवला, त्याला वाटलं झालं, आणि पॅनेलच्या दोन फेजवर टोकं टेकवली. ४१५ व्होल्ट. नॉब कुठंही असू दे, वायर त्या भोकात असली की मीटर म्हणजे नुसती जोडतार, सरळ शॉर्ट. टोकं वितळून पॅनेलला चिकटली, पोराचे दोन्ही तळहात आणि हनुवटी भाजली, महिनाभर तो जेवताना चमचा धरू शकत नव्हता. मीटर तसलाच स्वस्तातला होता.

सी-२०३: काका पण फ्यूज असतो की आत?

बी-३०४ काका: असतो, पण तो मिलिअँपिअरच्या भोकाला. १० अँपिअरच्या भोकाशेजारी काय छापलंय बघ, बारीक अक्षरात अनफ्यूज्ड लिहिलेलं असणार. मागचे दोन स्क्रू काढून उघडून बघ, ९ व्होल्टची बॅटरी आधी काढ.

सी-२०३: 📷 फोटो

सी-२०३: उघडला. खरंच ओ काका, १०ए च्या भोकापासून कॉमच्या भोकापर्यंत एक जाड तारेची कमान आहे, सेफ्टीपिनएवढी, आणि मध्ये काहीच नाही. फ्यूज आहे तो बाजूला, काचेचा, बोटाच्या पेराएवढा. आणि ह्याच मीटरनं मी घरातलं स्विचबोर्ड उघडून बघायचो 😟

बी-३०४ काका: ती कमान म्हणजे शंट. करंट तिच्यातनं जातो आणि तिच्यावर जो थोडासा व्होल्टेज पडतो त्यावरनं मीटर आकडा काढतो. मीटर खोटा नाही, जागा चुकली की जीवावर येतं एवढंच. आता वायरींची टोकं बघ. भोकात घालायची पिन उघडी आहे का तिच्याभोवती प्लास्टिकची टोपी आहे? आणि वायर बोटानं दुमडून बघ, कडक प्लास्टिक असेल तर दोन वर्षात मुळाशी चिरा पडतात.

सी-२०३: टोपी नाही. लाल वायरला पिनजवळ चीर आहे, आतलं तांबं दिसतंय.

सी-२०३ ची आई: उद्याच टाकून दे तो

बी-१०२: मी ऑनलाईन बघत होतो, ६००० काउंट, ट्रू आरएमएस, टेंपरेचर, टॉर्च, स्मार्ट मोड सगळं असलेले चायनीज १२०० ला आहेत, वर कॅट थ्री लिहिलेलं पण आहे. हे घेऊया का, सगळं एकातच मिळतंय.

बी-३०४ काका: कॅट म्हणजे काय ते आधी, मीटर कुठल्या जागेपर्यंत लावायला सुरक्षित आहे त्याचा वर्ग. घरातल्या प्लगला लावलेल्या वस्तू, मिक्सर फ्रिज, तिथपर्यंत कॅट २ चालतो. डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, मोटरचं स्टार्टर, पॅनेल इथं कॅट ३ पाहिजे. आणि खाली महावितरणचे मीटर आहेत तिथनं सर्व्हिस वायरकडं कॅट ४, तिकडं आपण जायचंच नाही. कारण असं की ट्रान्सफॉर्मरच्या जेवढं जवळ जाल तेवढा शॉर्टला मागून करंट जास्त येतो आणि वीज चमकली स्विचिंग झालं की उसळी पण मोठी येते. पण कॅट ३ छापायला काय लागतं, शाईच लागते. आत काचेचा बारका फ्यूज आणि वर कॅट ३ ६०० व्होल्ट असले मीटर मी स्वतः उघडलेत. म्हणून नावाच्या कंपनीचा घ्यावा. मेको, कुसम मेको, मोटवाने ही आपल्याकडची जुनी नावं, मोटवाने तर नाशिकरोडची. युनि-टी, मास्टेक चायनीज आहेत पण ठीक आहेत.
आणि ६००० काउंटचं, म्हणजे मीटर किती बारीक आकडा दाखवतो त्याचं म्हणाल तर आपल्याला काय मोजायचंय? लाईट २३० आहे का १८०, बॅटरी १२.६४ आहे का ११.९०. हे २००० काउंटवाला पण दाखवतो. ट्रू आरएमएस, म्हणजे लहर कशीही असली तरी खरा आकडा दाखवणं, ते सुद्धा आपल्या मोटरला लागत नाही, लाईन सरळ साइन वेव्हची आहे. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर मात्र साधा मीटर साधारण ११ टक्के जास्त दाखवतो, तिथं फरक पडतो.

ए-२०१ ताई: काका माझी मुलगी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला दुसऱ्या वर्षाला आहे, ती शेजारी बसून वाचतीय आणि म्हणतीय की मल्टिमीटरपेक्षा क्लॅम्पमीटर घ्या. तिलाच टाईप करायला देते.

ए-२०१: काका नमस्कार. माझं म्हणणं असं की आपल्याला मोटरचा करंट बघायचाच आहे, आणि साध्या मल्टिमीटरनं तो बघायचा म्हणजे वायर सोडवून मीटर मध्ये घालावा लागतो, ते सोसायटीत कुणी करू नये. क्लॅम्पमीटरमध्ये चिमटा उघडून वायरीभोवती घातला की झालं, वायर सोडवायची नाही उघड्या तांब्याला हात नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे त्याला भोकं दोनच असतात, कॉम आणि व्होल्ट-ओहम. तुम्ही सांगितली ती १०ए च्या भोकाची चूक त्याच्यात होऊच शकत नाही. व्होल्ट, ओहम, बीप, कॅपॅसिटर सगळं त्यातच येतं.

बी-३०४ काका: शाब्बास पोरी. हे माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. बरोबर बोललीस, अगदी बरोबर. अँपिअरचं भोकच नको आपल्याला. फ्लूक कंपनीचा १०१ मीटर पण तसाच आहे, करंटच नाही त्यात, कॅट ३ ६०० व्होल्ट, हातात मावतो, पण आपल्या बजेटच्या फार बाहेर. क्लॅम्पमीटर घ्यायचा. सेक्रेटरी साहेब मी माझं आधीचं सगळं मागं घेतो, हिचं ऐका.

सेक्रेटरी ए-१०१: वा. पण तो १५०० त बसेल का?

सी-२०३: ऑफिसमधून येताना स्टेशन रोडला एका दुकानात विचारलं होतं, नावाच्या कंपनीचा १८५० सांगितला, कॅपॅसिटरची रेंज असलेला.

ए-३०१ काकू: वरचे ३५० माझ्याकडून घ्या. बॅटरी बघून द्यायची तेवढी.

ए-२०१: कॅपॅसिटरची रेंज किती ते बघून घ्या दादा. पंख्याचा अडीच मायक्रोफॅरड असतो तो सगळे मोजतात, पण काही मीटर २० मायक्रोलाच संपतात आणि आपल्या मोटरवर ३६ लिहिलंय. १०० च्या वर जाणारा पाहिजे. आणि दुकानात डबा बंद असताना पैसे देऊ नका. बीपवर ठेवून दोन्ही टोकं एकमेकांना लावा, लगेच वाजला पाहिजे, उशिरा वाजला तर नको. ओहमवर टोकं जोडून आकडा अर्ध्या ओहमच्या आत यायला पाहिजे.

बी-१०२: मोटर चालू असताना चिमटा लावला तर शून्य दाखवेल असं मी कुठंतरी ऐकलंय?

ए-२०१: दोन्ही वायरी एकत्र धरल्या तर शून्यच, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात. एकच वायर चिमट्यात घ्यायची. मग जो आकडा येईल तो मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरशी ताडून बघायचा. पाटीपेक्षा बराच जास्त असला तर मोटर जाम आहे, लाईट कमी आहे किंवा कॅपॅसिटर कमजोर झालाय.

बी-३०४ काका: कॅपॅसिटर काढायच्या आधी मेन स्विच बंद आणि मोटरकडं जाणाऱ्या वायरींना मीटर लावून शून्य बघायचं. त्याच्या आधी मीटर चालू प्लगवर लावून २३० दाखवतोय ना ते बघायचं आणि नंतर परत त्याच प्लगवर. मीटरच बंद असला तर शून्य दिसतं आणि माणूस फसतो. कॅपॅसिटर सोडवल्यावर होल्डरला तारेचा जुना बल्ब लावून त्याच्या दोन वायरी कॅपॅसिटरच्या टोकांना लावायच्या, भरलेला असला तर बल्ब क्षणभर चमकून विझेल, मग मीटर. भरलेल्या कॅपॅसिटरला मीटर लावला तर मीटर जातो. ३६ चा ३० च्या खाली आला असला तर बदलायचा. मोटर नुसती हूं हूं करते आणि फिरत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

सी-१०४: काका एक विचारतो, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात खाली पार्किंगमध्ये पाणी आलं होतं, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं त्या वेळी, तेव्हा मोटर वाळवून मल्टिमीटरनं बघितली तर ओके दाखवली होती आणि चालू केल्या केल्या एमसीबी पडला. मग मीटरवर विश्वास कसा ठेवायचा?

बी-३०४ काका: चांगलं आठवलंत. मीटर ओहमवर असताना टोकांवर फार तर दोन-तीन व्होल्ट देतो, ओलसर इन्सुलेशन त्याला पुरून उरतं. मोटरच्या वायंडिंगचं इन्सुलेशन बघायला मेगर लागतो, तो ५०० व्होल्ट टाकून बघतो. पाण्यात गेलेली मोटर क्लॅम्पमीटरनं पास करायची नाही, मेगरवाला बोलवायचा, तिथं ३०० रुपये वाचवू नका. ह्या सांगलीत नदीकाठाला राहणाऱ्यानं हे विसरू नये.

ए-२०१: अजून एक, सुटलेली वायर जर चालू वायरीशेजारनं गेली असेल तर डिजिटल मीटर त्याच्यावर ६०, ८०, कधी त्याच्याही वर व्होल्ट दाखवतो. तो भुताचा व्होल्टेज, बल्ब लावला की जातो. पण हे ठरवायचं काम इलेक्ट्रिशियनचं, आपण चालूच आहे असं धरायचं.

ए-३०१ काकू: माझी बॅटरी 🙏

ए-२०१: काकू चार्जिंग पूर्ण झाल्यावर इन्व्हर्टर बंद करून तीन-चार तास बॅटरी तशीच राहू द्या, मग डीसीवर मोजायचं. १२.६ च्या आसपास आलं तर भरलीय, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी होत आलीय. मग इन्व्हर्टर चालू करून, मेन बंद करून दोन पंखे लावा, पाच मिनिटात ११ च्या खाली आली तर बॅटरी गेली. त्याच्या आधी डिस्टिल्ड वॉटर बघा, मी रविवारी येते.

सेक्रेटरी ए-१०१: ठरलं तर मग. १५०० सोसायटी, ३५० काकू. सी-२०३ उद्या संध्याकाळी घेऊन येईल, ए-२०१ ला बरोबर घेऊन जा. बिल सोसायटीच्या नावानं. मीटर माझ्याकडं कपाटात राहील, वॉचमनच्या केबिनमध्ये नको, आणि पॅनेल फक्त बी-३०४ काका किंवा ए-२०१ समोर असतानाच उघडायचं.

बी-३०४ काका: वायरींचा जोड वेगळा पिशवीत ठेवा, मीटरभोवती गुंडाळू नका, मुळाशी तुटतात. आणि महिन्यातनं एकदा वापरला नाही तर सेल काढून ठेवायचे, गळून आतली पट्टी खातात.

सी-२०३: काका पिवळा मीटर फेकत नाही, वायरी बदलतो आणि १०ए च्या भोकावर एम-सील लावून टाकलंय आत्ताच. 📷 फोटो

बी-३०४ काका: 👍 वाळू दे रात्रभर