मदत हवी आहे: पेशंटलाच निदान माहीत नाही, तर संशोधनाचं संमतीपत्र कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात वैद्यकीयच्या मुलांना शिकवतो. कॅन्सर बराच पुढे गेलेल्या पेशंटशी डॉक्टर कसं बोलतात, यावर छोटा अभ्यास करायचा बेत आहे. ओपीडीतलं बोलणं परवानगीने रेकॉर्ड करायचं, नावगाव काढून उतरवून घ्यायचं आणि त्याच नमुन्यांवर इंटर्नना शिकवायचं.

2019 च्या बॅचपासून एमबीबीएसला एटकॉम (वागणूक, नीती आणि संवाद शिकवणारा विषय) आलंय, वाईट बातमी सांगायच्या 'स्पाइक्स'च्या सहा पायऱ्या मुलं घडाघडा म्हणतात. अडतं दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाच. पेशंटला काय ठाऊक आहे आणि किती जाणून घ्यायचंय, हे त्यालाच विचारायचं असतं. इथे आबा स्टुलावर गप्प, रिपोर्टची पिशवी मुलाच्या मांडीवर, आणि त्याआधी मुलाने दारातच गाठून सांगितलेलं असतं, "डॉक्टर, आबास्नी काय बोलू नका, हाय खातील." आबांच्या लेखी साधी गाठ आहे आणि शेक (म्हणजे रेडिएशन) घेतला की जिरणार. (माझा अंदाज, बऱ्याच आबांना सगळं कळलेलं असतं. शेक घ्यायच्या रांगेत शेजारी कोण बसलंय ते दिसतंच की.)

आता खरा घोळ. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संमती पेशंटची स्वतःची हवी आणि अभ्यास कशाचा आहे ते त्याला समजेल असं सांगायला हवं. माहितीपत्रकावर 'कॅन्सर' छापलं, तर आबांना निदान आमच्या कागदावरून कळणार. हे मला अजिबात नको. नुसतं 'डॉक्टर-पेशंट संवाद' लिहावं, तर लपवाछपवी होते. निदान माहीत असलेलेच पेशंट घेतले तर काम सोपं, पण ज्या बोलण्यासाठी हा खटाटोप तेच निसटणार. मुलाची सही घेऊन भागवा, असं एका ज्येष्ठांनी सुचवलं. आबा ऊसबिलाचा हिशेब तोंडी करतात, त्यांच्या वतीने मुलाने सही का करायची?

हौशी नाटकवाल्यांना पेशंट करून सराव घेता येतो, आपल्याकडे अशा मंडळींना तोटा नाही. शिकवायला ते उत्तम, पण खऱ्या ओपीडीत काय बोललं जातं ते त्यातून कळणार नाही.

कुणी असा अभ्यास एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घेतलाय का? शीर्षक काय ठेवलंत? 'गंभीर आजार' एवढ्यावर कमिटी मानली का? नातेवाइकाचाही आवाज रेकॉर्ड होतो, त्याची संमती वेगळी घेतलीत का? आणि आरआयएएससारख्या (बोलण्यातलं एकेक वाक्य ठरावीक प्रकारांत टाकायच्या) पद्धतीने संवाद मोजताना, सगळं बोलणं मुलगाच करत असेल तर ते कुठल्या खात्यात टाकलंत? निपाणी-चिकोडीकडच्या पेशंटचं अर्धं बोलणं कानडीत असतं, ते उतरवून देणारं कुणी माहीत असेल तर तेही सांगा.

मराठी संमतीपत्राचा नमुना असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात आहे.