उन्हाळ्यात शेतावर नेलेला डबा दुपारपर्यंत आंबतो, काय करावं?

आर्णीची सून:
नमस्कार सगळ्यांना. आमच्याकडे सध्या धसकटं वेचणं चालू आहे, हे पहाटे पाचलाच निघतात अन् जेवायला बसतात साडेबाराला, पारा ४४-४५ वर, डबा उघडला की आंबूस वास, वांग्याच्या भाजीला तर काल तार सुटली होती. खालच्या पोळ्या ओल्या गिच्च. मुलगी नर्सिंग कॉलेजला यष्टीनं जाते, तिचाही तोच डबा. माणूस उन्हात राबून अर्धपोटी उठतो हे बघवत नाही हो. काय द्यावं अन् कसं भरावं ते सांगा, भाकर-चटणी तर रोज देतेच.

वर्धेची काकू:
अगं आधी पोळ्यांची वाफ जाऊ दे. तव्यावरून उतरली की एकावर एक रचू नको, सुपात पसर, पुरती गार झाली की सुती फडक्यात गुंडाळ अन् मगच डब्यात घाल. झाकणाला आतून पाणी सुटतं ना, तेच सगळं नासवतं. वांगं, टमाटर, पालेभाजी, ओलं वाटण हे मे महिन्यात डब्यात नकोच. बेसनाचं चून कर पण मोकळं, तेलावर इतकं परत की मुठीत दाबलं तरी सुटलं पाहिजे. त्यात कांदा घालू नको, कच्चा अख्खा दे, ते तिथंच बुक्कीनं फोडतील. कारलं चिंच-गूळ घालून आटवलेलं टिकतं, भेंडी आधी धुऊन कोरडी पुसायची मग चिरायची. जवसाची चटणी आहेच. मुलीला दशम्या दे, कणीक दुधातच भिजवायची, पाण्याचा थेंब नको.

दवाखान्यातली ताई:
काकू बरोबर सांगतात. मी भाताचं सांगते, कारण उलट्या-जुलाबाचे पेशंट आले की आम्ही पहिले हेच विचारतो, काल काय खाल्लं. भात शिजवला तरी बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू मरत नाहीत, भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात अन् विष तयार करतात, ते विष परत गरम करून जात नाही. म्हणून ओट्यावर राहिलेल्या रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देऊन डब्यात अजिबात भरू नका, वास आला नाही तरी. जंतू वाढतात साधारण ५ ते ६० अंशात, म्हणजे आपल्याकडची दुपार त्यातच आली. एकतर जेवण पुरतं गार करून कोरडं द्या नाहीतर कडकडीत गरम, कोमट डबा सगळ्यात वाईट. वरण द्यायचं असेल तर थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी दहा मिनिटं ठेवा, ते ओतून द्या अन् उकळतं वरण गळ्यापर्यंत भरा. तार सुटलेली भाजी सरळ फेका, जिवापेक्षा भाजी मोठी नाही.

पऱ्हाटीवाला:
वहिनी, भाऊ डबा गाडीच्या डिक्कीत ठेवत असतीन तर पयले ते बंद करा, दुपारी डिक्कीत हात नाई घालवत. आमी डबा ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून निंबाच्या फांदीले टांगतो, सावली पाह्यजे अन् वारं लागलं पाह्यजे. आपल्याकडची हवा कोरडी, पाणी उडते अन् डबा गार पडते, कूलर चालते तसंच. कपडा वाळला का पुन्हा भिजवा, झाकण मात्र घट्ट असू द्या. मृगाचा पाऊस पडला का हे काई कामाचं नाई, दमट हवेत पाणी उडतच नाई.

आर्णीची सून:
दादा, डिक्कीतच असतो डबा! उद्यापासून बंद. पण मुलीच्या बॅगेत ओला कपडा कसा द्यायचा? अन् ती दही-भात मागते रोज.

दवाखान्यातली ताई:
घरी फ्रीज असेल तर ताकाची प्लास्टिकची बाटली चार बोटं रिकामी ठेवून रात्री फ्रीजरला लावा, सकाळी डब्याला चिकटवून दोन्ही जाड टॉवेलात गुंडाळून द्या. भात सकाळचा ताजाच, परातीत पसरून लवकर गार करायचा, दही फ्रीजमधलं. सुट्टी अकराला असेल तर तेव्हाच खाऊ दे, दोनपर्यंत ठेवायचा असेल तर दही-भात नको, दशम्याच बऱ्या. ताक तोवर वितळतं, प्यायला गार मिळतं. बाटलीला घाम सुटतो, तेवढ्या वह्या वेगळ्या कप्प्यात ठेवायला सांगा.