मदत हवी आहे: ४.६ किलोची गिटार हलकी करायची आहे

लेस पॉल (गिब्सन कंपनीचं मॉडेल) घडणीची इलेक्ट्रिक गिटार, महोगनीची बॉडी, वर मेपलचा थर. तासभर उभं राहून वाजवलं की डावा खांदा बधिर. रुंद पट्टा झाला, हलके ट्यूनर (तारा ताणायच्या किल्ल्या) आणि ॲल्युमिनियमचा टेलपीसही (तारा अडकवायची पट्टी) झाला. उतरले जेमतेम १५० ग्रॅम. विकायची नाही, रंग गेला तरी चालेल.

वजन कमी करायला गिब्सन मेपल चिकटवण्याआधीच महोगनीला भोकं पाडायचं, माझा तर चिकटलेला. म्हणून पाठीमागून राउटरने (लाकूड कोरायचं यंत्र) पोकळ्या कोरून वर ५ मिमीची फळी चिकटवायचा विचार आहे. अर्धा किलो म्हणजे साधारण ९०० घन सेंमी लाकूड, थोडंथोडकं नाही! राउटर आहे, सुतारकामाचा हातही बरा आहे.

कुणी केलंय का? ब्रिजच्या (तारा ज्यावर टेकतात तो) खुंट्यांभोवती किती लाकूड अखंड ठेवावं, आणि कुठून कोरलं तर नेक खाली झुकणार नाही?