मदत हवी आहे : इंग्लंडमध्ये प्रायव्हेट हायर परवान्याचे नूतनीकरण आणि ओसीआयधारकासाठी भारतातील चारित्र्य प्रमाणपत्र

नमस्कार. मी २००८ साली मिरजेहून इंग्लंडला आलो आणि गेली नऊ वर्षे मिडलंड्समधील एका मध्यम आकाराच्या शहरात प्रायव्हेट हायर गाडी (आगाऊ बुकिंगची टॅक्सी) चालवतो. माझा चालक परवाना येत्या २८ तारखेला संपत आहे आणि नूतनीकरणाचा अर्ज एकाच कागदासाठी अडला आहे. तो कागद भारतातून कसा मिळवावा, आणि वेळेत मिळाला नाही तर परवाना देणाऱ्या कौन्सिलपुढे (स्थानिक स्वराज्य संस्थेपुढे) काय ठेवावे, या दोन गोष्टींबद्दल अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

गेल्या नोव्हेंबरमध्ये आई घरातच घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर ती वॉकर धरून स्वतः न्हाणीघरापर्यंत जाऊ लागेपर्यंत मी मिरजेलाच राहिलो. एकूण साडेचार महिने झाले. मागच्या परवान्यानंतर सलग तीन महिने किंवा अधिक काळ देशाबाहेर होतात का, असा प्रश्न अर्जात होता, आणि मी खरे तेच उत्तर लिहिले. त्यावर लायसन्सिंग विभागाने त्या काळासाठी भारतातील 'सर्टिफिकेट ऑफ गुड कॅरेक्टर' मागितले आहे. बाकी सर्व पूर्ण आहे : डीबीएसची (गुन्ह्यांच्या नोंदी तपासणाऱ्या ब्रिटिश सरकारी संस्थेची) वाढीव तपासणी, ग्रुप टू दर्जाची (अवजड वाहनांच्या चालकांना लागते तशी) वैद्यकीय तपासणी, आणि एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाला लागणारा कर-तपासणीचा (करासाठी नोंदणी असल्याचा) कोडसुद्धा.

भारतातील वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण. लंडनबाहेर इंग्लंडमध्ये टॅक्सीचे परवाने स्थानिक कौन्सिल देते. रस्त्यावर हात दाखवून थांबवता येते ती हॅकनी कॅरेज, आणि जिचे आगाऊ बुकिंग करावेच लागते ती प्रायव्हेट हायर. दुसऱ्या प्रकाराचा कारभार १९७६ च्या कायद्याखाली चालतो आणि त्यात चालक, गाडी व ऑपरेटर यांचे तीन वेगळे परवाने लागतात. चालक 'फिट अँड प्रॉपर' (योग्य आणि लायक) आहे याची खात्री पटल्याशिवाय कौन्सिलने परवाना देऊच नये, असे त्या कायद्यात सांगितले आहे. डीबीएसला परदेशातील गुन्ह्यांच्या नोंदी पाहता येत नाहीत, म्हणून परिवहन खात्याने जुलै २०२० मध्ये काढलेल्या मानकांत हे परदेशी प्रमाणपत्र आले.

या नियमाविषयी माझी तक्रार नाही, हे मुद्दाम लिहितो. इंग्लंडमधल्या रॉदरहॅम शहरातील मुलींच्या शोषणावरचा २०१४ चा अहवाल आणि त्यात टॅक्सीचालकांविषयी काय म्हटले आहे, हे या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचले पाहिजे. माझ्या गाडीत अनोळखी माणूस आपले मूल एकटे बसवतो, तेव्हा माझी कसून चौकशी झालेली असणे हा त्याचा हक्कच आहे.

अडचण कागद मिळवण्याची आहे. पहिल्या परवान्याच्या वेळी माझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता, त्यामुळे भारतीय उच्चायुक्तालयामार्फत पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) सहज मिळाली. आता मी ब्रिटिश नागरिक आहे आणि माझ्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देते ते) आहे. पासपोर्ट सेवेची पीसीसी भारतीय पासपोर्टधारकांसाठी असल्याने ती वाट मला बंद झालेली दिसते. राहिली महाराष्ट्र पोलिसांची चारित्र्य पडताळणी. माझा मामेभाऊ त्यासाठी चौकशी करून आला, तर त्याला माझ्या आधार कार्डाची आणि स्थानिक रहिवासाच्या पुराव्याची मागणी झाली. मी देश सोडला तेव्हा आधार सुरूच झाले नव्हते, आणि ओसीआयधारकाला ते काढायचे तर आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेले असावे लागते. माझे दिवस तेवढे भरत नाहीत. घराची घरपट्टी आणि वीजबिल आईच्या नावावर आहे.

ओसीआय असताना सांगली जिल्ह्यातून किंवा महाराष्ट्रात अन्य कोठूनही असे प्रमाणपत्र कोणी मिळवले आहे का? अर्ज ऑनलाइन केला की पोलीस अधीक्षक कार्यालयात कोणाला अधिकारपत्र देऊन पाठवले? आधारऐवजी ओसीआय कार्ड, जुना रद्द झालेला भारतीय पासपोर्ट आणि आईचे संमतीपत्र चालले का? प्रमाणपत्र मराठीत मिळाल्यास त्याचे प्रमाणित भाषांतर इंग्लंडमध्ये करून घेतलेले चालते का?

दुसरा भाग कौन्सिलचा. २०२० च्या मानकांत असे प्रमाणपत्र 'शक्य असेल तेथे' मागावे अशी भाषा आहे. या शब्दांचा आधार घेऊन मी पासपोर्टावरील शिक्के, शल्यचिकित्सकाचे पत्र, मामेभावाने केलेल्या प्रयत्नांचा लेखी तपशील आणि सॉलिसिटरसमोर शपथेवर केलेले निवेदन असे सारे एकत्र देणार आहे. एखाद्या कौन्सिलने हे मान्य केल्याचा, किंवा प्रमाणपत्र नंतर देण्याच्या अटीवर कमी मुदतीचा परवाना दिल्याचा अनुभव कोणाला आहे का? लेखी नकार आल्यास मॅजिस्ट्रेट न्यायालयात अपील करता येते व त्याची मुदत २१ दिवसांची असते, हे मला ठाऊक आहे. परंतु आज नकार आलेला नाही, अर्ज नुसता पडून आहे, त्यामुळे अपील कशाविरुद्ध करणार? शिवाय एप्रिल २०२३ पासून इंग्लंडमधील कौन्सिलांना सुरक्षिततेशी संबंधित नकारांची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते आणि ती ११ वर्षे राहते. केवळ कागद अपुरा म्हणून दिलेला नकार तिथे जातो का, हे परवाना-कायद्याचे काम करणाऱ्या कोणी सांगितल्यास मोठा आधार होईल.

स्टँडवरचे मित्र वुल्व्हरहॅम्प्टन या दुसऱ्या शहराच्या कौन्सिलचा परवाना काढ म्हणतात. आमच्याकडचे अनेक चालक तसे करतात आणि ते कायदेशीरही आहे. पण चालक, गाडी आणि ऑपरेटर हे तिन्ही परवाने एकाच कौन्सिलचे असावे लागतात, म्हणजे माझ्या गाडीच्या मागे लावलेली, अजून सात महिने मुदत असलेली पाटी उतरवून सगळे पहिल्यापासून करावे लागेल. तिथेही साडेचार महिन्यांचा प्रश्न विचारला जाईल आणि तिथेही मी खरेच उत्तर देईन.

घाई असण्याचे आणखी एक कारण आहे. रोज सकाळी मी नऊ वर्षांच्या एका मुलाला विशेष शाळेत सोडतो. ओळखीचा चालक दिसला नाही तर तो गाडीत बसत नाही. आधी माझ्या गळ्यातल्या बिल्ल्यावरचा फोटो बोटाने तपासतो, मग चढतो. मी भारतात होतो तेव्हा बदली चालक दिले गेले आणि त्याची शाळा कितीतरी दिवस बुडाली, असे त्याच्या आईने सांगितले. २८ तारखेनंतर काय, असे तिने परवा विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

येत्या सोमवारपर्यंत मला कौन्सिलला लेखी उत्तर पाठवायचे आहे. त्याआधी कोणी अनुभव लिहिला, अथवा पोलिसांकडील अर्जात नेमके काय भरले एवढे जरी कळवले, तरी मी आजच मामेभावाला तशा सूचना देईन.