हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरचा धंदा वाढतोय, पण पेशंटला काय मिळतंय?

कृष्णाकाठ:
2021 ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन, म्हणजे पेशंटचे रेकॉर्ड ऑनलाइन जोडायची सरकारी योजना, देशभर सुरू झालं, 2023 ला तर रेकॉर्ड जोडायचे पैसे सरकारच हॉस्पिटलांना आणि सॉफ्टवेअरवाल्यांना द्यायला लागलं. मार्केट वाढणारच. मग वडिलांना साताऱ्याहून पुण्याला नेलं तर सीटी स्कॅन परत का काढायला लावला? म्हणे जुनी सीडी उघडत नाही. बिल, टीपीए (विम्याचे क्लेम बघणारी एजन्सी), औषधांचा स्टॉक सगळं कॉम्प्युटरवर चकाचक, आणि डॉक्टरांच्या नोट्स हाताने लिहिलेल्या. माझ्या मते ही वाढ बिलिंगची आहे, उपचारांची नाही.

बिटबाइट:
अजिबात पटलं नाही. सीडीवर रिपोर्ट द्यायची वेळ येऊ नये म्हणून तर हे चाललंय ना. 14 आकडी आभा नंबरला, म्हणजे त्या मिशनमधल्या तुमच्या हेल्थ आयडीला, रिपोर्ट जोडले की फाइल त्या त्या हॉस्पिटलातच राहते आणि तुम्ही संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसते. क्यूआर स्कॅन करून केसपेपरचं टोकन मोबाइलवर येतं, खिडकीवरची रांग कमी होते. हे पेशंटसाठी नाही तर कोणासाठी?

वॉर्डसिस्टर:
आम्हाला कोणी विचारलंय का? आधी रजिस्टर भरायचं मग तेच सगळं परत ऑनलाइन, त्यात नेट गेलं की ड्यूटी संपल्यावर बसून एंट्री करायची. पेशंटचं बीपी बघू की ओटीपीची वाट बघू?

बिटबाइट:
डबल एंट्री चूकच आहे ताई, पण मग रजिस्टर बंद करा.

वॉर्डसिस्टर:
कसं बंद करणार? नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा ओपीडी, लॅब, अ‍ॅडमिशन कित्येक दिवस हातानेच चालवावं लागलं. एम्सची ही गत, तर तालुक्याच्या दवाखान्याचं काय? सॉफ्टवेअरला पैसे आहेत, एंट्रीला एक माणूस द्यायला नाहीत.

दापोलीची:
मी मात्र सॉफ्टवेअरच्या बाजूने. आईला त्वचेचा त्रास होता, उपकेंद्रातल्या मॅडमनी ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन डॉक्टर सेवेवर, स्पेशालिस्टला दाखवलं, एसटीने रत्नागिरी गाठायचं वाचलं आणि एक पैसा लागला नाही. आणि हे सी-डॅक या केंद्र सरकारच्या कॉम्प्युटर संस्थेच्या मोहाली सेंटरने बनवलंय, म्हणजे सरकारी. त्यामुळे चांगलं काम व्हायला बाजारच वाढला पाहिजे असं काही नाही.

कृष्णाकाठ:
हेच म्हणतोय मी! खासगीत हॉस्पिटलने सॉफ्टवेअर बदललं की जुना डेटा आधीच्या कंपनीकडे अडकतो, मागितला तर वेगळे पैसे. पेशंटचा सगळा डेटा वापरता येईल अशा स्वरूपात फुकट परत द्यायचा ही अट घालत नाहीत तोवर या वाढीला मी प्रगती म्हणणार नाही.

बिटबाइट:
अटीला माझा पाठिंबा आहे, पण फुकट म्हणजे खर्च कोणाच्या माथी? दहा बेडचं नर्सिंग होम चालवणारा डॉक्टर तो पेशंटच्या बिलातच लावणार.

वॉर्डसिस्टर:
कंपनीने सोसावा. सरकारकडून पैसे घेतलेत ना?