मद्य घेतलेल्या नातेवाइकाच्या गाडीतून मुलांना पाठवायचे नाही, हे घरात कसे सांगावे?

प्रश्न
घरातील प्रत्येक समारंभानंतर माझे दीर स्वतःच्या दोन मुलांना आणि माझ्या मुलीला गाडीतून घरी सोडतात. त्याआधी ते मद्य घेतात, आणि मी विषय काढला की ‘त्याला सवय आहे, चढत नाही’ असे म्हणून वडीलधारी मंडळी तो तिथेच संपवतात. माझ्या मुलीला मी थांबवू शकते; परंतु त्यांच्या मुलांबाबत, मुलांचे वडीलच समोर उभे असताना, मी काय म्हणावे?

प्रतिसाद १
सवय झालेल्या माणसाची जीभ अडखळत नाही, तोल जात नाही, म्हणून तो पाहणाऱ्याला सावध वाटतो; पण अचानक काही आडवे आल्यावर ब्रेकवर पाय पडायला लागणारा वेळ आणि वेग, आरसा व आजूबाजूची वाहने यांवर एकाच वेळी लक्ष ठेवण्याची क्षमता सवयीने पूर्ववत होत नाही. शरीर साधारणपणे तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १० ते २० मिलिग्रॅम एवढेच अल्कोहोल कमी करते, आणि कडक कॉफीने किंवा गार पाण्याने तोंड धुतल्याने हा वेग वाढत नाही. शिवाय शेवटचा पेग संपवून लगेच निघालेल्या माणसाच्या रक्तातील प्रमाण वाटेत वाढतही असू शकते.

प्रतिसाद २
आपण भीती बाळगतो ती समोरून येणाऱ्या मद्यधुंद चालकाची. अमेरिकेतील १९८५ ते १९९६ या काळातील अपघातांच्या अभ्यासात मात्र असे आढळले, की मद्य घेतलेल्या चालकांशी संबंधित अपघातांत मरण पावलेल्या बालप्रवाशांपैकी सुमारे ६४ टक्के मुले त्याच चालकाच्या गाडीत बसलेली होती. चालकाने जितके अधिक मद्य घेतलेले, तितके मुलाला पट्टा किंवा बालआसन लावलेले असण्याचे प्रमाण कमी, हेही त्यातच दिसले. न्यूयॉर्क राज्यात २००९ पासून १५ वर्षांपर्यंतचे मूल गाडीत असताना नशेत वाहन चालवणे हा पहिल्याच वेळी गंभीर गुन्हा मानला जातो, तो उगाच नव्हे.

प्रतिसाद ३
निघतानाच्या घाईत, चार लोकांसमोर, ‘तुम्ही प्यायलेले आहात’ हा वाद घालू नका. त्या वेळी त्यांचा निर्णय शाबूत नसतो आणि अभिमान मात्र जागा असतो. बोलणे आदल्या दिवशी व्हावे, आणि ते शक्यतो तुमच्या पतींनी, भाऊ या नात्याने, करावे: ‘उद्या मुलांना कोण नेणार? जो नेईल तो घेणार नाही.’ जाऊबाईंना आधीच विश्वासात घ्या, कारण मुलांवर तुमच्यापेक्षा त्यांचा अधिकार मोठा आहे, आणि कदाचित त्याही कुणीतरी हे बोलण्याची वाट पाहत असतील. ठरवूनही ऐनवेळी ते प्यायले, तर त्यांची मुले मुक्कामाला ठेवून घ्या, भाड्याची गाडी बोलवा किंवा न प्यायलेल्या कुणाकडे किल्ली द्या; मुलांना गाडीपासून दूर, घरात ठेवणे हे किल्ली हिसकावण्यापेक्षा सोपे आणि सुरक्षित असते. तरीही ते मुलांना घेऊन निघाले, तर गाडीचा क्रमांक व दिशा पोलिसांना कळवा. नाते दुखावेल, हे खरे आहे. तो रुसवा सोसण्याजोगा आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद ४
हाच नियम झोपेच्या गोळ्यांना, गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या औषधांना आणि रात्रभराच्या जागरणालाही लावावा. काही झोपेच्या गोळ्यांचा अंमल दुसऱ्या दिवशी सकाळीही टिकतो, आणि तेव्हा तर वासही येत नाही.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. आदल्या दिवशी बोलण्याचे पतींनी मान्य केले आहे. मुलीला काय शिकवावे?

प्रतिसाद ३
बसण्यापूर्वी शंका आली, तर ‘पोटात दुखते आहे, आईला बोलवा’ एवढेच तिने म्हणावे. मोठ्यांची परीक्षा घेण्याचे काम तिच्यावर टाकू नये. गाडी सुरू झालेली असेल तर मागे बसून पट्टा लावावा, चालकाशी वाद घालू नये, आणि गाडी थांबताच उतरून तुम्हाला फोन करावा. त्यासाठी तिला कोणीही रागावणार नाही, हे तिला आजच सांगून ठेवा.