कंपनीने वॉरंट कॉल केलेत, एका वॉरंटला १ सेंट म्हणते, हे काय नवीन?

नवखा_गुंतवणूकदार: माझ्याकडे एका अमेरिकन कंपनीचे १००० वॉरंट (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) आहेत, स्पॅकमधून (दुसरी कंपनी ताब्यात घेण्यासाठीच काढलेली रिकामी लिस्टेड कंपनी) लिस्ट झालेली कंपनी. शेअर सध्या २० डॉलरच्या आसपास आहे, एक्सरसाइज प्राइस (वॉरंट वापरून शेअर घ्यायचा भाव) ११.५०. आज ब्रोकरचा मेल आला की कंपनी सगळे पब्लिक वॉरंट रिडीम (कॉल) करतेय, म्हणजे परत घेतेय, प्रत्येकी ०.०१ डॉलर देऊन. बाजारात वॉरंट साडेआठच्या जवळपास चाललाय आणि हे १ सेंट देणार?? एक्स्पायरीला अजून तीन वर्षं आहेत. असं करता येतं का? आणि शेअरही थोडे आहेत माझ्याकडे, त्यांचं काय होणार?

आकडेमोड: करता येतं, वॉरंट अ‍ॅग्रीमेंटमध्ये पहिल्यापासून लिहिलेलं असतं, फक्त वाचत कोणी नाही. स्पॅकमध्ये साधारण अट अशी की शेअर ३० पैकी २० ट्रेडिंग दिवस १८ डॉलर किंवा वर बंद झाला की कंपनी किमान ३० दिवसांची नोटीस देऊन कॉल करू शकते. १ सेंट कोणी घ्यावा म्हणून ठेवलेला नसतो हो, तो धाक आहे, म्हणजे तुम्ही मुकाट्याने एक्सरसाइज करावं. तुमच्यापुढे रस्ते दोनच, ११,५०० डॉलर भरून १००० शेअर घ्या, नाहीतर मुदतीआधी वॉरंट बाजारात विकून मोकळे व्हा. गप्प बसलात तर १००० वॉरंटचे १० डॉलर हातात येतील.

काही वेळा कंपनी कॅशलेस ठेवते. मग पैसे भरायचे नाहीत, २० च्या भावाने ८.५० भागिले २० गुणिले १००० म्हणजे ४२५ शेअर मिळतात. पण हे कंपनीने ठरवायचं, आपण नाही. नोटीस नीट वाचा.

तुमचं खरं नुकसान म्हणाल तर ती तीन वर्षं. टाइम व्हॅल्यू म्हणून जे वरचे पैसे वॉरंटला मिळत होते ते कॉलच्या बातमीबरोबर गेले, आता उरला तो शेअरचा भाव वजा ११.५०.

शेअरवाला: आणि आमच्यासारख्या साध्या शेअरहोल्डरचं काय, ४ कोटी शेअर असलेल्या कंपनीत १ कोटी नवीन येणार म्हणजे आमचा हिस्सा पाचवा भाग कमी झाला की, बाजारात २० ला मिळणारा शेअर यांना ११.५० ला, बरं आहे बाबा यांचं

आकडेमोड: @शेअरवाला बरोबर, पण ते १ कोटी फुकट येत नाहीत, कंपनीकडे ११.५ कोटी डॉलर रोख येतात. तेवढ्या पैशात २० च्या भावाने ५७.५ लाख शेअर परत घेता येतील, म्हणजे निव्वळ भर ४२.५ लाखांची. डायल्यूटेड ईपीएस (वॉरंटसारखे येऊ शकणारे शेअर धरून प्रति शेअर नफा) काढताना ट्रेझरी स्टॉक पद्धत हेच गणित करते, त्यामुळे कंपनी नफ्यात असेल तर हा भार त्या आकड्यात आधीपासून असतो, कॉलमुळे आकाशातून पडत नाही. उलट डोक्यावरची टांगती तलवार जाते. पैसा कुठे लावणार हे मात्र मॅनेजमेंटला विचारा.

जुना_ट्रेडर: सगळं खरं पण नोटीस आल्यावर शेअर पडतो तो वेगळ्या कारणाने, एक्सरसाइजला रोख लागते म्हणून लोक हातातले शेअर विकतात, आणि वॉरंट घेऊन शेअर शॉर्ट करून (उसने घेऊन विकून) बसलेले फंड असतात ते वेगळेच. ३० दिवसांत शेअर १८ च्या खाली आला तरी कॉल आपोआप रद्द होत नाही, ११.५० च्या खाली गेला तर वॉरंटची माती. म्हणून एक्सरसाइज करायचं नसेल तर महिनाभर ताणू नका राव.

अजून एक, कंपनीची मुदत शेवटच्या दिवशी न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ५ पर्यंत असते पण ब्रोकर स्वतःची कटऑफ त्याच्या काही दिवस आधीच ठेवतो. लोक तिथेच मरतात.

नवखा_गुंतवणूकदार: धन्यवाद मंडळी 🙏 ब्रोकरचा मेल परत उघडून बघितला, त्यांची कटऑफ खरंच चार दिवस आधीची आहे, तीही अगदी तळाशी बारीक अक्षरात. ११,५०० एकरकमी नाहीत, निम्मे विकून त्या पैशातून उरलेल्या ५०० चं एक्सरसाइज केलं तर चालेल ना?

जुना_ट्रेडर: चालेल की. ५०० चे साधारण ४,२५० येतील आणि लागतील ५,७५०, वरचे दीड हजार तयार ठेवा. आधी विका, पैसे खात्यात सेटल होऊ द्या, मग कटऑफच्या आत सूचना द्या. प्रायव्हेट वॉरंटवाल्या स्पॉन्सरला (स्पॅक काढणाऱ्याला) बहुतेक वेळा हा कॉल लागूच होत नाही बरं का, तेही नोटिशीत बघा.